घाम न येऊ देता चढायचं

सुरतेत बर्फ पाहायचा तर उसाच्या रसाच्या गाड्यावर, गोळेवाल्याकडे, नाहीतर मासळी बाजारात. शहर तापीच्या मुखाशी, समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा-पंधरा मीटर उंच. आमच्याकडे थंडी आली हे पोंकावरून कळतं. ज्वारीचा कोवळा हिरवा हुरडा, त्यावर लिंबू-मिरीची शेव, शेजारी पोंकाचे गरम वडे. हे स्टॉल लागले आणि पहाटेचा पारा पंधराच्या आसपास उतरला की सुरती माणूस कपाटातून स्वेटर काढतो, आणि दहा वाजता तोच कमरेला बांधून फिरतो.

अशा गावातून ऐन जानेवारीत, एकटीनं, बर्फातला डोंगर चढायचं ठरवलं तेव्हा सासूबाईंनी अहिराणीत विचारलं, "एकटी कसाले जास वं?" आम्ही मूळचे अमळनेरचे. उधना-जळगाव रेल्वेमार्गानं खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेत आलेली कितीतरी कुटुंबं लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा भागात राहतात, त्यातलंच आमचं एक. मी एका प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये कापड तपासते. रंग धुण्यात टिकतो का, घासल्यावर उतरतो का, कापड किती आटतं, पाणी किती पितं. सासूबाईंचा प्रश्न रास्त होता, पण त्याचं उत्तर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या देता येण्यासारखं नव्हतं.

संघाबरोबर मी पूर्वी गेलेली आहे. गुजरात सरकारच्या माउंट अबूच्या स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्थेत दोर आणि गाठींचे पहिले धडे घेतले. हिवाळ्यातला केदारकांठा वीस-पंचवीस जणांच्या रांगेत केला. त्या रांगेत एक गोष्ट सारखी खटकायची. तिथे चाल आपली नसते. पुढचा धावला की आपण धावायचं आणि घामानं निथळायचं. मग कुणाच्या बुटाची नाडी सुटली, कुणाला फोटो हवा म्हणून सगळ्यांनी थांबायचं, आणि तो घाम पाठीवर गार होत जायचा. रोज कापडाला पाणी पाजून त्याचं वजन करणारी मी, माझंच कापड माझ्या अंगावर भिजताना मुकाट्यानं सोसत होते. आपल्या चालीनं, घाम न येऊ देता एक डोंगर चढून बघायचा, एवढीच माझी हौस होती. शिखराचं वेड असतं तर दुसरा डोंगर निवडला असता.

मी निवडलं तुंगनाथ आणि त्याच्यावरची चंद्रशिला. उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात चोपत्यापासून तुंगनाथच्या देवळापर्यंत साडेतीन-चार किलोमीटरची दगडांनी बांधलेली वाट आहे. तिथून चंद्रशिलेचा माथा आणखी दीडेक किलोमीटर. पंचकेदारांपैकी हे सगळ्यात उंचावरचं देऊळ, साडेतीन हजार मीटरच्या वर. उन्हाळ्यात इथे आजीबाईसुद्धा काठी टेकत जातात, आणि मीही तेव्हा जाऊन वाट पायाखालून घातली होती. दिवाळीनंतर देऊळ बंद होतं, देव पालखीतून खाली मक्कूमठला जातात आणि वैशाखात परत येतात. मधल्या काळात ती वाट बर्फाची असते.

हिवाळ्यात एकट्यानं चढणं ही गिर्यारोहणातली अगदी वेगळी जात आहे, आणि तिची गोष्ट सांगायची तर नाओमी उएमुरा या जपानी माणसापासून सुरुवात करावी लागते. अलास्कातल्या ६,१९० मीटर उंचीच्या डेनाली शिखरावर हा १९७० च्या उन्हाळ्यात एकटा जाऊन आला होता. त्याच वर्षी तो एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या जपानी तुकडीत होता. १९७८ साली कुत्र्यांच्या गाडीनं एकटा उत्तर ध्रुवावर पोहोचला. हिमनदीवर बर्फाच्या पातळ थराखाली भेगा लपलेल्या असतात. जोडीदार असेल तर दोर बांधून एकजण दुसऱ्याला धरतो. उएमुरा एकटा, म्हणून त्यानं अंगाला लांबलचक बांबू आडवे बांधले. भेगेत पडलाच तर बांबू दोन्ही काठांवर अडकतील, हा हिशेब. १२ फेब्रुवारी १९८४ ला, आपल्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, तो भर हिवाळ्यात एकटा डेनालीच्या माथ्यावर होता. दुसऱ्या दिवशी रेडिओवर त्याचा आवाज ऐकू आला, त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. बर्फाच्या गुहेत ठेवलेली त्याची डायरी मिळाली, तो मिळाला नाही. चार वर्षांनी, १९८८ मध्ये, व्हर्न तेजास नावाचा अमेरिकन वाटाड्या तोच डोंगर हिवाळ्यात एकटा चढला आणि जिवंत खाली आला. त्यानं बांबूऐवजी अ‍ॅल्युमिनियमची शिडी अंगाला बांधली होती.

मला त्या बांबूचं आणि शिडीचं फार अप्रूप वाटतं. एकट्यानं जायचं म्हणजे जोडीदाराशिवाय जायचं नसतं. जोडीदार जी कामं करतो ती सगळी दुसऱ्या कशाकडून तरी करवून घ्यायची असतात. पडलो तर धरायचं काम बांबू करतो. पण जोडीदाराचं आणखी एक काम आहे, आणि ते कुठलीच शिडी करत नाही. तो तुमच्या तोंडाकडे बघतो.

शरीराच्या आतलं तापमान साधारण सदतीस अंश असतं. ते पस्तिसाच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी हुडहुडी भरते. मग बोटं ऐकेनाशी होतात, चेन लावता येत नाही. जीभ जड होते, पाय अडखळतात, आणि त्याच सुमाराला डोकंही मंदावतं. म्हणजे धोका ओळखायचं यंत्रच सगळ्यात आधी बिघडणाऱ्या यंत्रांपैकी एक. अशा माणसाला विचारा, तो म्हणतो, "मी ठीक आहे." आणखी खाली, तीस-बत्तीस अंशांच्या आसपास हुडहुडीही थांबते आणि त्याला बरं वाटायला लागतं. काहीजण तर या अवस्थेत उकडतंय म्हणून अंगावरचे कपडे काढून टाकतात. शेजारी कुणी असेल तर त्याला हे दिसतं, तो गरम पाणी पाजतो, ओढून खाली नेतो. एकट्याला हे दिसण्याचा काही मार्ग नाही.

म्हणून मी माझ्याकडून एक गोष्ट पक्की केली. परत फिरायची वेळ डोंगरावर ठरवायची नाही. ती सुरतेत, डोकं गरम आणि कोरडं असताना ठरवायची. कागदावर लिहिली: दुपारी साडेबारा. साडेबारा वाजता मी जिथे असेन तिथून मागे. हवा कशीही असो, माथा कितीही जवळ दिसो. जानेवारीत तिथे सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो, खाली यायला किती लागतात, वाटेत पाय मुरगळला तर आणखी किती, हा सगळा हिशेब मागून पुढे करत साडेबाराचा आकडा आला. कागदाची एक प्रत नवऱ्याकडे ठेवली, दुसरी मुक्कामाच्या घरमालकाकडे द्यायला घेतली.

डोकं तपासण्यासाठीही एक युक्ती काढली. दर अर्ध्या तासाला थांबून अंगठा करंगळीला टेकवायचा आणि दिडकीचा पाढा मोठ्यानं म्हणायचा. लहानपणी अमळनेरला आजोबांनी पावकी, निमकी, दिडकी घोकून घेतली होती, ती नोकरीत कधी उपयोगाला आली नाही. बोटं टेकेनात, जीभ अडखळली किंवा पाढा चुकला तर साडेबाराचीही वाट पाहायची नाही.

आता घामाकडे येते, कारण या सगळ्याच्या मुळाशी तो आहे. बर्फात माणूस बाहेरच्या थंडीनं गारठतो तितकाच स्वतःच्या घामानं गारठतो. पाणी हवेच्या पंचवीसेकपट वेगानं उष्णता वाहून नेतं. शिवाय ओल्या कापडावरून वारा वाहिला की पाणी उडतं आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी जसं गार होतं, तसेच घामेजल्या टी-शर्टातले आपण. वाऱ्याचा हिशेबही बघण्यासारखा आहे. उणे पाच अंशांत ताशी चाळीस किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या कातडीला उणे चौदाचा गारठा जाणवतो.

इथे माझं रोजचं काम कामाला आलं. नेहमीच्या दमट हवेत कापसाचा धागा स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवतो, लोकर सोळाच्या आसपास, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. ज्या गुणामुळे सुती कापड मे महिन्यात सुखाचं, त्याच गुणामुळे ते बर्फात घातक. ते घाम पितं, धरून ठेवतं, अंगाला चिकटतं आणि वाळत नाही. जीन्स तर विचारूच नका. लोकरीची गंमत अशी की ती ओलावा धाग्याच्या पोटात घेते, पण तिच्या कुरळेपणामुळे मधे हवा अडकून राहते आणि ओली झाली तरी ती पुष्कळ ऊब देते. पॉलिस्टर पाणी पीतच नाही; घाम धाग्यांमधल्या फटींतून बाहेरच्या अंगाला सरकतो आणि उडून जातो. ज्या कापडाला मे महिन्यात नावं ठेवली जातात, ज्याच्यावर अख्खी सुरत पोसली जाते, ते बर्फात अंगालगत घालायला उत्तम. आमच्याच शहरातल्या गोल विणकामाच्या मशिनींवर विणलेल्या कापडाचा, रिंगरोडच्या बाजारातून घेतलेला स्वस्त टी-शर्ट मी लॅबमध्ये भिजवून, पिळून, वाळायला लागणारा वेळ मोजून पाहिला. मोठ्या नावाच्या परदेशी बनियनपेक्षा तो फार मागे नव्हता. (वासाचं मात्र बोलू नये. पॉलिस्टर घामाचा वास सोडत नाही. आणि शेगोटीजवळ ते घालून बसू नये, ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं.)

अंगालगत हा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा आणि बर्फ अडवणारं पातळ जॅकेट. पाठीवरच्या पिशवीत पिसांचं जाड जॅकेट, ते फक्त थांबल्यावर घालायचं, चालताना नाही. पिसं भिजली की चपटी होतात आणि त्यांची ऊब जाते. याहून महत्त्वाचं म्हणजे निघताना अंगावर थोडी थंडी वाजली पाहिजे. घरातून उबदार होऊन निघालात तर दहा मिनिटांत घाम आलाच समजा.

सुरतेत सरावाची पंचाईत असते असं लोकांना वाटतं. पण मे २०१९ मध्ये अदिती आणि अनुजा वैद्य या सुरतच्याच बहिणी एव्हरेस्टवर पोहोचल्या, तेव्हा गाव सपाट असण्याची सबब संपली. मी पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन इमारतीचे जिने चढले. डुमसच्या किनाऱ्यावर भरती ओसरल्यावर ओल्या वाळूतून चालले. भुसभुशीत जमिनीत पाय उपसत चालण्याचा याहून बरा सराव मैदानात नाही. आणि साल्हेर. डांगच्या जंगलातून बागलाणात उतरलं की महाराष्ट्रातला हा सगळ्यात उंच किल्ला, १,५६७ मीटर. सुरतेच्या मराठी माणसाला तिथे जाताना हटकून इतिहास आठवतो. १६७० साली दुसऱ्यांदा सुरत लुटून महाराज बागलाणातूनच परतले आणि पुढच्याच वर्षी साल्हेर स्वराज्यात आला. माझं लक्ष इतिहासाकडे कमी, टी-शर्टाकडे जास्त. साल्हेरच्या पायऱ्या घाम न आणता चढायच्या तर किती हळू जावं लागतं हे कळलं तेव्हा हसू आलं. अख्खं वाक्य एका दमात बोलता येईल एवढीच चाल. शेळ्या राखणारी पोरं मला मागे टाकून जायची.

हवेकडे बघायला तर घरीच शिकता येतं. हिमालयात हिवाळ्यात बर्फ पडतो तो मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूनं इराण, अफगाणिस्तानवरून ही वादळी हवा पूर्वेला येते. तिचं शेपूट कधी गुजरातवर येतं, तेव्हा सुरतेत जानेवारीत आभाळ भरतं, दक्षिण गुजरातचे आंबेवाले मोहोराकडे बघत बसतात, आणि तिकडे चोपत्याला बर्फ पडतो. विक्षोभ पुढे सरकला की आभाळ स्वच्छ होतं, थंडी वाढते. चढायला तोच काळ, पण लगेच नाही. नवा बर्फ पडल्यावर पहिले एक-दोन दिवस तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरून हिमकडे सुटण्याचा धोका सगळ्यात जास्त. डीआरडीओची एक संस्था (पूर्वीची 'सासे', आता डीजीआरई) हिमकड्यांचे इशारे काढते, ते वर्तमानपत्रांतही येतात. मी गाडीचं आरक्षण हवेच्या अंदाजावर अवलंबून ठेवलं होतं, त्यामुळे दोनदा पैसे बुडाले. ते खर्चात धरावेत.

हरिद्वारपर्यंत रेल्वे, पुढे ऋषिकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, उखीमठ. प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रस्ता सगळीकडे खोदलेला. एवढंच सांगते की दहा मीटर उंचीवरून आलेल्या माणसानं उंचीला वेळ द्यावा. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब सुरतेच्या पासष्ट टक्क्यांच्या आसपास असतो. मी खाली सारी गावात राहिले, देवरियातालपर्यंत चढून खाली आले, मग बनियाकुंडात मुक्काम हलवला आणि तिथे एक दिवस नुसता काढला. डोकं दुखलं नाही, जेवण गेलं, झोप लागली, तेव्हाच पुढचं ठरवलं. घरमालकानं कागद वाचला, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाला, "दीदी, ऊपर मंदिर तक रास्ता बना है. उसके आगे हवा है, देख लेना."

अंधारात, डोक्याला दिवा लावून निघाले. चोपत्यापर्यंतचा डांबरी रस्ता बर्फाखाली, गाड्यांच्या चाकोऱ्या गोठून दगड झालेल्या. तुंगनाथच्या कमानीपाशी दुकानं बंद. हा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो, १९७२ साली मुख्यतः कस्तुरीमृगासाठी राखलेला. कस्तुरीमृग दिसण्याची आशा कुणी धरू नये. मला दिसल्या त्या कोल्ह्याच्या पावलांच्या खुणा, सरळ रेषेत, वाट सोडून खाली उतरलेल्या.

देवळापर्यंतच्या वाटेचं खरं दुखणं बर्फ नाही. माणसांच्या पायांनी दाबला गेलेला, दुपारी थोडा वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ, म्हणजे सरळ सरळ लादी. ताज्या बर्फात पाय रुततो, तरी तो उभा राहतो. या लादीवर तो राहतच नाही. बुटांना रबराच्या पट्ट्यानं चढवायचे लोखंडी दात मिळतात, चोपत्याला ते भाड्यानंही देतात. ते चढवले आणि चाल सुधारली. बुरांस आणि खरसूच्या झाडीत वारा नव्हता. बुरांसाची पानं थंडीनं सुरळी होऊन खाली लोंबत होती.

झाडी संपली तिथे बुग्याल लागलं, उन्हाळ्यातलं हिरवं कुरण आता पांढरं. इथपासून वारा. फ्लीसवर जॅकेट चढवलं, पण चेन छातीपर्यंत उघडी ठेवली. पाठीवर हात घालून बघितलं, टी-शर्ट कोरडा. एवढ्याशा गोष्टीचा इतका आनंद मला डोंगरात कधी झाला नव्हता. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवली होती. पाणी वरून गोठतं, बाटली उलटी असली की झाकण गोठून बसत नाही. फोन बनियनच्या आत, कारण थंडीत बॅटरी धडाधड उतरते. खायला थेपले, शेंगदाणे, खजूर. गुळाची चिक्की नेऊ नये, ती अशा थंडीत दाताशी वैर करते; थेपला गारठला तरी चावता येतो. काळा चष्मा लावलाच, कारण ताजा बर्फ अंगावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि उघड्या डोळ्यांना काही तासांत बाधतो.

तुंगनाथच्या अंगणात पायऱ्या दिसत नव्हत्या. दगडी देऊळ आणि त्याच्याभोवतीची लहान देवळं बर्फातून अर्धी वर. चौखंबा समोर, ७,१३८ मीटर, आभाळ निळं. भिंतीच्या आडोशाला बसून पिसांचं जॅकेट घातलं, थेपले खाल्ले, पाढा म्हटला. दीड नव्वे साडेतेरापर्यंत व्यवस्थित.

वेळ भरपूर होता, म्हणून चंद्रशिलेकडे वळले. घरमालक म्हणाला होता ते खरंच होतं. देवळापुढे पायांचे ठसे संपले. शेवटच्या हिमवर्षावानंतर तिथे कुणी गेलेलं नव्हतं, म्हणजे वाट पाडायचं काम माझं. संघात हे काम वाटून घेतात, पुढचा दमला की मागे जातो. मी एकटीच पुढची आणि एकटीच मागची. गुडघ्यापर्यंत पाय रुतवायचा, उपसायचा, पुढे टाकायचा. अर्ध्या तासात मागे वळून पाहिलं तर देऊळ अगदी हाताशी. कितीही हळू गेलं तरी या कामात घाम येतोच. कॉलरशी ओलावा जाणवला आणि मी चाल आणखी उतरवली. पुढे वाट एका तिरक्या उतारावर चढत होती. वाऱ्यानं दाबलेला टणक बर्फ, खाली बराच लांबपर्यंत काहीच नाही. अशा जागी घसरलं तर आइस अ‍ॅक्स रोवून स्वतःला थांबवावं लागतं, आणि ते अंगवळणी पाडायला उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेसारख्या ठिकाणी बर्फावरचं रीतसर शिक्षण लागतं. माझ्याकडे कुऱ्हाड नव्हती, ते शिक्षणही नव्हतं. उतार टाळून डावीकडच्या सोंडेवरून जाता येईल का हे पाहत होते तेवढ्यात मनगटावर गजर वाजला. साडेबारा.

माथा दिसत होता, त्याच्यावरचं लहानसं देऊळसुद्धा. हवा छान, हात गरम, पाढा बिनचूक. न फिरण्याची सगळी कारणं हजर होती. मला वाटतं, त्या कागदाचा उपयोग अशाच वेळी असतो. वादळात कुणीही मागे फिरतं. मी फिरले. उतरताना उन्हानं वरचा बर्फ मऊ झालेला आणि खालची लादी तशीच, त्यामुळे चढण्यापेक्षा उतरायला जास्त लक्ष लागलं. बनियाकुंडाला पोहोचले तेव्हा उजेड बराच शिल्लक होता. घरमालकानं खिळ्यावरचा कागद काढून चुलीत टाकला.

एकट्यानं जाणाऱ्यांना शिव्या घालायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि संघाबरोबर गेलं की सुरक्षित असं आपण धरून चालतो. दोन्हीत तथ्य कमी आहे. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीजवळ 'द्रौपदी का डांडा' वर हिमकडा कोसळला, तेव्हा नेहरू पर्वतारोहण संस्थेचे दोन डझनांहून जास्त प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक गेले. त्यांच्याकडे दोर, वाटाडे, अनुभव सगळं होतं. जून २०२४ मध्ये, भर उन्हाळ्यात, सहस्रतालच्या वाटेवर बावीस जणांचा संघ बर्फाच्या वादळात सापडला आणि नऊ जण दगावले. उलट मल्ली मस्तान बाबू बघा. नेल्लोर जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा, आयआयटी, आयआयएम केलेला. २००६ साली १७२ दिवसांत सातही खंडांची सर्वोच्च शिखरं चढलेला. मार्च २०१५ मध्ये अँडीजमधल्या सेरो त्रेस क्रूसेसवर एकटा पुढे गेला आणि खराब हवेत सापडला. एप्रिलमध्ये त्याचा मृतदेह मिळाला. इतक्या कसलेल्या माणसाकडेही त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघणारं कुणी नव्हतं.

माझं मत असं झालं आहे की ओळखीच्या, लहानशा, रुळलेल्या डोंगरावर, चांगल्या हवेत, वेळ बांधून घेऊन हिवाळ्यात एकट्यानं जायला हरकत नाही. तुंगनाथच्या देवळापर्यंत ते या मोजमापात बसतं, चंद्रशिला बसत नाही. कांगड्याचं जिल्हा प्रशासन हिवाळ्यात धौलाधारच्या उंच वाटांवर बंदी घालतं, त्यावर आपली ट्रेकर मंडळी चिडतात. मला ती बंदी योग्य वाटते. माणसं शोधायला त्याच बर्फात तिथल्याच गावांतली पोरं जातात.

सुरत, नाशिक, पुणे, कुठूनही पहिल्यांदाच बर्फावर जाणार असाल तर एकट्यानं जाऊ नका. सारी गावात वाटाडे मिळतात, त्यांना पूर्ण पैसे द्या, घासाघीस करू नका. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. आणि निघण्याआधी एका कागदावर वाट, मुक्कामाच्या घराचा फोन, परत फिरायची वेळ आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर ११२ ला फोन करायचा, हे लिहून घरातल्या सगळ्यात काळजी करणाऱ्या माणसाच्या हातात द्या.